नैनीताल-भीमतालची ट्रिप: मराठवाड्यातून निघताना कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर

आधी हॉटेल बुक करायचं, मग ऑफिसात सुट्टी टाकायची आणि सगळ्यात शेवटी रेल्वेचं तिकीट बघायला जायचं, ते निघतंय वेटिंग. उत्तराखंडच्या तलावांकडं जायचं ठरवणाऱ्या आपल्याकडच्या लई जणांचं असंच व्हायलंय. मग हॉटेलवाला पैसे परत देत नाही, तात्काळ मिळत नाही, आणि शेवटी कुणीतरी म्हणतंय "चला राव, महाबळेश्वरला जाऊ." ट्रिप अवघड नाही, फक्त कामाचा क्रम उलटा लागतोय. नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर, लातूर, बीड, धाराशिव, हिंगोली, कुठूनही निघा, खालच्या क्रमानं गेलात तर घोळ होणार नाही. प्रत्येक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्यावर उडी मारू नका, आणि पैसे भरायची घाई तर अजिबात नको.

टप्पा १: नकाशावर हात आखडता घ्या

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक इथंच होते. उत्तराखंड म्हटलं की लोक एका दमात नैनीताल, मसुरी, हरिद्वार, ऋषिकेश आणि जमलं तर केदारनाथ अशी यादी करतात. हे राज्य दोन भागांत आहे, कुमाऊं आणि गढवाल. तलाव आहेत ते कुमाऊंत, नैनीताल जिल्ह्यात. मसुरी, हरिद्वार, केदारनाथ गढवालात. नैनीताल ते हरिद्वार सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढं आहे आणि मसुरी तीनशेच्या आसपास. आपल्याकडं संभाजीनगर ते नांदेड जाताना जसा हिशोब लावतो तसा इथं लावायचा नाही, कारण सुरुवातीचा आणि शेवटचा भाग घाटाचा आहे. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला अख्खा दिवस जातोय आणि त्या दिवशी बघून काहीच होत नाही.

म्हणून नियम एकच धरा, डोंगरात किलोमीटर मोजायचे नाहीत, तास मोजायचे. २५ किलोमीटरला एक तास धरा, सीझनमध्ये दीड.

आठ-दहा दिवसांच्या ट्रिपला एवढंच घ्या: भीमताल, नौकुचियाताल, सातताल, नैनीताल, आणि हिमालय बघायचा असेल तर मुक्तेश्वर. बास. कॉर्बेटचं जंगल जोडायचं असेल तर दोन दिवस वाढवा आणि रामनगरमार्गे परता, पण ढिकाला झोन १५ नोव्हेंबर ते १५ जूनच उघडा असतोय आणि परमिट आधी ऑनलाइन काढावं लागतंय, हे बघूनच ठरवा.

आणि एक, चारधामचं जे रजिस्ट्रेशन लागतं ते या भागाला लागत नाही. कुणी एजंट त्याचे पैसे मागायला लागला तर नंबर ब्लॉक करा.

टप्पा २: तारीख ठरवा, पण सुट्टी बघून नाही, हवा बघून

मे महिन्यात आपल्याकडं ४२-४३ चा पारा असतोय, पोरांना सुट्टी असते, म्हणून सगळे मे मध्ये जायलेत. जा, काही बिघडत नाही, रात्री पांघरूण लागतंय एवढा गारवा मिळतोच. पण तीन गोष्टी माहीत असू द्या. अख्खी दिल्ली त्याच वेळी तिथं असते. एप्रिल ते जूनमध्ये जंगलाला वणवे लागतात, धूर आणि धुरकट हवा असते, त्यामुळं बर्फाचे डोंगर दिसतीलच असं नाही. आणि हॉटेलचे भाव तेव्हा सगळ्यात चढे असतात.

जुलै ते सप्टेंबरचा मध्य, नाव काढू नका. दरडी पडतात, रस्ते बंद होतात.

माझ्या मते सगळ्यात चांगला काळ म्हणजे भाऊबीज झाल्यावरचे दोन-तीन आठवडे. शेतीवाल्यांचं सोयाबीन निघालेलं असतंय, पोरांची दिवाळीची सुट्टी थोडी शिल्लक असते, आणि तिकडं हवा धुवून काढल्यासारखी स्वच्छ असते, त्रिशूल (७,१२० मीटर) आणि नंदादेवी (७,८१६ मीटर) सकाळी साध्या डोळ्यांनी दिसतात. दिवाळीच्या ऐन चार दिवसांत मात्र जाऊ नका, दिल्लीवाल्यांचीही सुट्टी तेव्हाच असते.

डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक. बर्फ पडेल या आशेवर जाऊ नका, नैनीतालला बर्फ पडतो तो कधीतरी, तारीख देऊन नाही. आणि ३१ डिसेंबरला तर गाड्या खालीच अडवतात. फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला बुरांशची लाल फुलं असतात, पण पोरांच्या परीक्षा असतात, त्यामुळं ज्यांची पोरं मोठी झालीत त्यांनी हा काळ धरावा.

*सावधान:* ऑक्टोबर म्हणजे पाऊस संपला असं डोळे झाकून धरू नका. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये १७ ते १९ तारखेला एवढा पाऊस झाला की मुक्तेश्वरला एका दिवसात ३४०.८ मिलिमीटर नोंद झाली, नैनीतालचा रस्ता तुटला आणि काठगोदाम या तिथल्या शेवटच्या स्टेशनाकडच्या रेल्वेरुळाखालची माती गौला नदीनं वाहून नेली. म्हणून सुट्टी टाकताना परतीनंतरचा एक दिवस जास्तीचा टाका. नाही लागला तर घरी झोपा.

टप्पा ३: रेल्वे, आणि तीही आधी परतीची

तलावांच्या सगळ्यात जवळचं स्टेशन काठगोदाम. तिथं रूळ संपतात आणि डोंगर सुरू होतो. आपल्याकडून थेट सोयीची गाडी नाही, म्हणून दिल्लीत गाडी बदलायची.

दिल्लीपर्यंत:

- नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर: सचखंड एक्सप्रेस. रोज आहे, नांदेडहून सकाळी निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आसपास नवी दिल्लीला पोचते. या गाडीच्या प्रवाशांना वाटेत काही स्टेशनांवर गुरुद्वाऱ्याकडून लंगर मिळतो, डबा-ताट जवळ ठेवा. निजामुद्दीनला जाणारी मराठवाडा संपर्क क्रांतीही आहे, पण आठवड्यातून एकदाच.
- लातूर, धाराशिव: सोलापूर गाठा, तिथून कर्नाटक एक्सप्रेस. नाहीतर परभणीला येऊन सचखंड.
- बीड: जालना किंवा संभाजीनगर, ज्याचं तिकीट मिळेल ते.
- सचखंड फुल्ल असली तर मनमाड बघा. संभाजीनगरहून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे आणि दिल्लीकडं जाणाऱ्या गाड्या तिथून भरपूर. लोक हे बघतच नाहीत, "आपल्या गाडीला वेटिंग आहे" म्हणून विषय सोडून देतात.

दिल्लीहून काठगोदामला तीन गाड्या कामाच्या. सकाळी लवकर निघून दुपारपर्यंत पोचणारी शताब्दी, दुपारी चारच्या सुमाराला निघून रात्री उशिरा पोचणारी उत्तराखंड संपर्क क्रांती, आणि रात्री दहाच्या सुमाराला निघून पहाटे पोचणारी रानीखेत एक्सप्रेस.

आता इथं बहुतेक जण फसतात. दुपारी दिल्लीत उतरलो, चारची गाडी आहेच, एक रात्र वाचली असं वाटतं. पण दीड हजार किलोमीटरच्या आसपास पळून आलेली गाडी दोन-तीन तास लेट झाली की ती चारची गेली. आणि वेळेत मिळाली तरी काठगोदामला रात्री अकराच्या आसपास उतरून, म्हाताऱ्या माणसांना घेऊन, अंधारात घाट चढायचा, कशासाठी? रानीखेत एक्सप्रेसच धरा. मधले सहा-आठ तास दिल्लीत काढा, पहाटे काठगोदामला उतरा आणि उजेडात वर जा.

बुकिंगचा क्रम:

१. रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं. पूर्वीचे १२० दिवस नोव्हेंबर २०२४ पासून गेले, अजूनही काही जण चार महिने आधी साइट उघडून "गाडी दाखवत नाही" म्हणायलेत. जायची दोन आणि यायची दोन, अशी चार तिकिटं आणि चारही बहुतेक वेगवेगळ्या सकाळी उघडणार. कॅलेंडरवर चार तारखांवर गोल करा.

२. हे ६० दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून मोजतात. रानीखेत एक्सप्रेस जैसलमेरहून येते, त्यामुळं दिल्लीच्या तारखेसाठी बुकिंग तुमच्या हिशोबाच्या आधीच उघडलेलं असू शकतं. एक दिवस आधीपासून बघत जा.

३. जायची तिकिटं निघाली म्हणून खूश होऊन परतीचं लांबवू नका. सुट्ट्यांत परतीचीच गाडी आधी भरते, कारण सगळे एकाच शनिवार-रविवारी घरी पोचायचं बघतात. परतीच्या तारखेला जागा मिळेल का याचा अंदाज घ्यायला आदल्या आठवड्यांतल्या त्याच वाराची गाडी ॲपमध्ये उघडून बघा, किती दिवस आधी वेटिंग लागलंय ते कळतं. मग त्या हिशोबानं जायची तारीख मागंपुढं करा.

४. आयआरसीटीसीच्या खात्याला आधार व्हेरिफाय आधीच करून ठेवा. बुकिंग उघडल्यावरच्या पहिल्या वेळेत आणि तात्काळला त्याशिवाय तिकीट निघत नाही. हे काम त्या दिवशी सकाळी आठला करायला बसू नका.

५. एका तिकिटावर सहाच माणसं. दहा जणांचं कुटुंब असेल तर दोन तिकिटं, आणि प्रत्येक तिकिटावर किमान एक धडधाकट माणूस ठेवा, सगळे म्हातारे एका पीएनआरवर आणि सगळे पोरं दुसऱ्यावर असं करू नका.

६. आई-वडलांना खालचा बर्थ हवा असेल तर त्या दोघांचं वेगळं तिकीट काढा. साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा आहे, पण तो एक किंवा दोन जणांच्या तिकिटालाच चालतो. सहा जणांत नावं घातली की कोटा गेला. तिकिटातली जुनी सवलत २०२० पासून बंद आहे, काउंटरवर त्यावरून वाद घालू नका.

७. सचखंड आणि रानीखेत, दोन्ही तिकिटांवर तीच माणसं असतील तर दोन्ही पीएनआर एकमेकांना लिंक करा. पहिली गाडी लेट होऊन दुसरी चुकली तर दुसऱ्याचे पैसे मागता येतात. यासाठी दोन्ही तिकिटांवर नावं आणि वय सारखंच पाहिजे.

*तपासा:* वेटिंगचं ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं, ते घेऊन डब्यात चढता येत नाही. "टीसीला बघून घेऊ" हा जमाना गेला. चारही तिकिटं कन्फर्म किंवा निदान कन्फर्म होण्याच्या टप्प्यात आल्याशिवाय पुढचा टप्पा वाचू पण नका.

विमानानं जाणाऱ्यांचं सोपं, चिकलठाण्याहून दिल्ली आणि पुढं तीच रात्रीची रेल्वे. पंतनगरला विमानतळ आहे, नैनीतालपासून सत्तरेक किलोमीटर, पण तिथली विमानं मोजकी, त्याच्या भरवशावर पुढचं सगळं बांधू नका.

टप्पा ४: दिल्लीतलं स्टेशन नीट वाचा

हा टप्पा छोटा आहे पण गाडी चुकते ती इथंच. सचखंड नवी दिल्लीला उतरवते. रानीखेत एक्सप्रेस जुन्या दिल्लीहून सुटते, तिकिटावर नुसतं "दिल्ली जंक्शन" लिहिलेलं असतं. निजामुद्दीन वेगळं, आनंद विहार वेगळं. आपल्याकडं एका गावाला एक स्टेशन असतं म्हणून लोक नव्या दिल्लीच्याच फलाटावर रात्री नऊपर्यंत सतरंजी टाकून बसतात आणि मग धावाधाव.

नवी दिल्ली ते जुनी दिल्ली मेट्रोच्या यलो लाइननं जायचं, चावडी बाजार आणि मग चांदनी चौक, दुसऱ्याच स्टेशनला उतरायचं. बॅगा जड असतील तर सायंकाळच्या गर्दीत नको, दुपारीच जुनी दिल्ली गाठा, सामान क्लोकरूममध्ये टाका (बॅगेला कुलूप पाहिजे, नाहीतर घेत नाहीत) आणि मग फिरा. लाल किल्ला चालत जाण्यासारखा आहे, सोमवारी बंद असतो. स्टेशनबाहेर "तुमची गाडी कॅन्सल झाली, आमच्या ऑफिसात चला" म्हणणारे भेटतील. कॅन्सल झाली असेल तर मेसेज येतो, ॲपवर दिसतं. त्यांच्यामागं जायचं नाही, एवढंच.

टप्पा ५: मुक्काम, आता कुठं हॉटेलचं नाव काढा

बहुतेक लोक सगळे दिवस नैनीतालला राहतात आणि बाकीचे तलाव टॅक्सीनं अर्ध्या दिवसात "कव्हर" करतात. मी याच्या विरोधात आहे. काठगोदामहून भीमताल वीस-पंचवीस किलोमीटर, नैनीताल पस्तीसच्या आसपास, आणि दोन्हीचे रस्ते वेगवेगळे फुटतात. म्हणजे भीमतालला जायला नैनीतालला जावंच लागत नाही. भीमताल उंचीनं खाली आहे (साधारण १,३७० मीटर, नैनीताल १,९३८), थंडी कमी, रस्ता सपाट, हॉटेलं स्वस्त, म्हाताऱ्यांना तळ्याकाठी चालता येतं. आधी दोन रात्री भीमताल किंवा नौकुचियाताल, मग दोन रात्री नैनीताल, मग एक रात्र मुक्तेश्वर.

वार असे बसवा: गुरुवारी घरून निघायचं. शुक्रवारी दुपारी दिल्ली, रात्री रेल्वे. शनिवारी पहाटे काठगोदाम आणि तिथून भीमताल. शनिवार-रविवारी दिल्लीकडची गर्दी नैनीतालच्या मॉल रोडवर असते तेव्हा तुम्ही भीमताल-सातताल करा, तिथंही गर्दी असतेच पण निभावते. सोमवारी सकाळी ते लोक खाली उतरतात तेव्हा तुम्ही वर चढा. सोमवार-मंगळवार नैनीताल, बुधवारी मुक्तेश्वर, गुरुवारी संध्याकाळी काठगोदाम, शुक्रवारी दिल्ली, शनिवारी घर. रविवार तो जास्तीचा दिवस.

हॉटेलला फोन करून (फक्त ॲपवर फोटो बघून नाही) हे विचारा:

- गाडी दारापर्यंत येते का, आणि नसेल तर किती चढ? नैनीताल हे भांड्यासारखं आहे, मधे तळं आणि चारी बाजूंनी डोंगर, त्यामुळं "मॉल रोडपासून पाच मिनिटं" म्हणजे पाच मिनिटं उभा चढ असू शकतो. गुडघेदुखीवाली माणसं असतील तर हा एकच प्रश्न महत्त्वाचा.
- मल्लीताल की तल्लीताल? ही तळ्याची दोन टोकं. बसस्टँड तल्लीतालला, नैनादेवीचं मंदिर, मोठं मैदान आणि रोपवे मल्लीतालला. मधे मॉल रोड. म्हाताऱ्यांना घेऊन असाल तर मल्लीताल बरं.
- गरम पाणी दिवसभर की ठराविक वेळी? हीटरचे पैसे वेगळे का?
- स्वतःची गाडी नेणार असाल तर पार्किंग आहे का, आणि ते बुकिंगवर लिहून देतील का? सीझनमध्ये ज्यांच्याकडं हॉटेलचं पार्किंग नाही त्यांना खाली रूसी बायपास किंवा नारायण नगरला गाडी लावून शटलनं वर पाठवतात.

*सावधान:* "लेक व्ह्यू" लिहिलेलं असतंय पण कधीकधी बाल्कनीतून मान वाकडी केल्यावर तळ्याचा एक कोपरा दिसतो. जास्तीचे पैसे द्यायच्या आधी त्याच खोलीचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर मागवा.

टप्पा ६: वरची गाडी

काठगोदाम स्टेशनबाहेर टॅक्सी आणि शेअर टॅक्सी दोन्ही असतात, बसही असते. बसायच्या आधी तीन गोष्टी स्पष्ट करा: पूर्ण गाडी की सीटवर, टोल-पार्किंग धरून का वेगळं, आणि नेमकं कुठं सोडणार. "नैनीताल" म्हणजे तल्लीतालच्या स्टँडवर सोडतील आणि तुमचं हॉटेल वर मल्लीतालच्या मागं असेल.

नैनीतालच्या स्टँडवर "लेक टूर" विकतात, त्यात भीमताल, नौकुचियाताल, सातताल असतं. तुम्ही आधीच भीमतालला राहून आलेला असाल तर ती घ्यायची गरजच नाही, पण घरातला कुणीतरी उत्साही माणूस पैसे देऊन बसतो, सांगून ठेवा.

आपल्याकडं सगळा सपाट मुलूख, त्यामुळं बऱ्याच जणांना घाटात गाडी लागते. गोळी गाडीत बसल्यावर नाही, निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, कोणती ते आपल्या डॉक्टरला विचारून. पहाटे रेल्वेतून उतरल्या उतरल्या भरपेट पुरी-भाजी खाऊन घाट चढू नका. चहा-बिस्कीट, आणि वर जाऊन नाश्ता. मोबाइलमध्ये रील बघत बसलेल्या पोराला सगळ्यात आधी उलटी होते, त्याला पुढच्या सीटवर बसवा.

टप्पा ७: बॅगेत काय

लोक दोन टोकं गाठतात, एकतर काश्मीरला जायलोय असे कपडे नाहीतर नुसता एक स्वेटर. एक जाड जॅकेट अंगात घालण्याऐवजी दोन-तीन पातळ थर चांगले, कारण दुपारी उन्हात घाम येतो आणि सहा वाजले की हुडहुडी भरते. कानटोपी, मोजे, तळ धरणारे बूट. चपलेवर फिरायचं नाही, पाइनच्या सुया पडलेल्या उतारावर पाय सटकतो.

ऑक्सिजनचे डबे विकत घेऊ नका. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो, तुम्ही दोन हजारांच्या आसपास आहात. मुक्तेश्वरही २,३०० च्या आतलं. धाप लागते ती चढानं, हवेनं नाही. बीपी-हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र जायच्या आधी डॉक्टरला दाखवून औषधं पुरून उरतील एवढी न्यावीत, मुक्तेश्वरला तुमच्या गोळीचं नेमकं नाव मिळेलच असं नाही.

खाण्याचं म्हणाल तर दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी दिल्लीपर्यंत पुरेल एवढी. वर गेल्यावर मिळतं ते खा, आलू के गुटके आणि भटाची चुडकाणी (काळ्या सोयाबीनची असते, आपल्याकडच्या सोयाबीनवाल्यांनी तर खाऊन बघावीच). भाकरी शोधत फिरू नका.

ओरिजिनल आधार सगळ्यांचं, पोरांचंही. रोख थोडी जास्त ठेवा, सातताल-मुक्तेश्वरकडं नेटवर्क गेलं की यूपीआयही गेलं.

टप्पा ८: तिथं गेल्यावर रोजचा क्रम

*शनिवार-रविवार, भीमतालकडं.* भीमताल तळ्याच्या मधोमध बेट आहे, तिथं मत्स्यालय आहे, बोटीनं जातात. नौकुचियाताल तिथून चार-पाच किलोमीटर. सातताल दहा-बारा, तिकडं सकाळी सात-आठलाच जा, अकरानंतर गाड्यांची रांग लागते आणि ज्या शांततेसाठी जायचं तीच राहत नाही. पक्षी बघणारे लोक पहाटे येतात ते उगीच नाही.

*सावधान:* तळ्यात उतरायचं नाही, गुडघाभर सुद्धा. आपल्याला गोदावरीच्या घाटावर पायरी-पायरीनं उतरायची सवय, इथं काठापासून थोडं आत गेलं की तळ एकदम जातो. नौकुचियाताल चाळीसेक मीटर खोल आहे आणि पाणी गार, चांगला पोहणारा सुद्धा आखडतो. बोटीत लाइफ जॅकेट बक्कल लावून घाला, फोटोपुरतं काढायचं नाही. बोटीचे दर फलकावर लिहिलेले असतात, ते वाचून मग बोला.

*सोमवार-मंगळवार, नैनीताल.* झू सोमवारी बंद, म्हणून ते मंगळवारी. सोमवारी बोट, नैनादेवी आणि संध्याकाळी मॉल रोड. रोपवे (स्नो व्ह्यू) सकाळी पहिल्या तासात करा, दहानंतर रांग वाढते आणि ढगही चढतात, वर जाऊन पांढरं धुकं बघायचं आणि खाली यायचं. खाली दुर्बिणवाला "बर्फ दिसतोय" म्हणत असेल तरी आधी आकाश बघा. टिफिन टॉप या टेकडीवरची जी दगडी डोरोथी सीट रीलमध्ये दिसते ती ऑगस्ट २०२४ मध्ये दरडीबरोबर कोसळली, तिकडची वाट उघडी आहे का ते स्थानिकांना विचारूनच निघा. नैना पीक (२,६१५ मीटर) चालत जायचं आहे, पोरांसोबत एकानं जावं, बाकीच्यांनी तळ्याकाठी बसावं, सगळ्यांना ओढत नेऊ नका.

माकडं आहेत. हातात पिशवी दिसली की आलीच.

*बुधवार, कैंची धाम आणि मुक्तेश्वर.* नीम करोली बाबांचा आश्रम नैनीतालपासून १७-१८ किलोमीटर, भवालीच्या पुढं अल्मोड्याच्या रस्त्यावर. इथं लोक सकाळी आरामात दहाला निघतात आणि भवालीच्या अलीकडंच दोन तास अडकतात. सहाला निघा, दर्शन घ्या आणि आठपर्यंत परत भवालीला या. शनिवार-रविवारी तर अजिबात जाऊ नका, आणि १५ जूनला तिथला मेळा असतो, त्याच्या आगंमागं दोन दिवस तो सगळा रस्ताच विसरा. मुक्तेश्वरचा रस्ता भवालीहून रामगढमार्गे वेगळा फुटतो, त्यामुळं कैंचीहून परत मागं यावं लागतं, हे टॅक्सीवाल्याशी दर ठरवतानाच बोला, नाहीतर तो "एक्स्ट्रा" लावणार.

मुक्तेश्वरला खोली उत्तरेकडं तोंड असलेली मागा. सकाळी साडेपाच-सहाला उठायचं, बर्फाचे डोंगर सूर्य उगवल्यापासून पहिले दोन-तीन तास चांगले दिसतात. नऊला उठून चहा पीत बघू म्हणाल तर नुसतं पांढुरकं आभाळ मिळेल.

टप्पा ९: परतीचा दिवस

मुक्तेश्वर ते काठगोदाम तीन तास धरा, आणि त्यावर दोन तास उशिराचे. परतीची रानीखेत एक्सप्रेस रात्री साडेआठच्या सुमाराला निघते, म्हणजे दुपारी जेवून दोन-अडीचला गाडीत बसलेले पाहिजेत. "अजून एक पॉइंट करू" म्हणणाऱ्याला गप्प बसवा. टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवून ठेवा, मुक्तेश्वरला ऐनवेळी मिळत नाही.

बालमिठाई (तिकडची खव्याची मिठाई) घ्यायची तर वाटेत भवाली-भीमतालकडं किंवा खाली हल्द्वानीला घ्या, पहिल्या दिवशी घेऊन आठवडाभर बॅगेत फिरवू नका.

गाडी पहाटे जुन्या दिल्लीला सोडते, सचखंड दुपारी नवी दिल्लीहून. पुन्हा स्टेशन बदलायचं आहे, आणि पहाटे मेट्रो सुरू झालेली नसते, म्हणून उजाडेपर्यंत वेटिंग रूममध्येच थांबा, रिक्षावाल्यांच्या गराड्यात अंधारात बाहेर पडू नका. सहा-साडेसहानंतर आरामात मेट्रोनं जा, बॅगा क्लोकरूमला टाका, आंघोळ-नाश्ता उरका आणि गाडीच्या तासभर आधी फलाट बघून ठेवा, नवी दिल्लीला ऐनवेळी फलाट बदलतात आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बॅगा घेऊन जिना चढायला वीस मिनिटं सहज लागतात.